चिनी लोकांसाठी इंग्रजीच्या टेस्ट लिहिणाऱ्या माझ्या मराठी मित्रमैत्रिणींना खुलं पत्र

सगळ्यांना नमस्कार,

पुण्यात, मुंबईत नाहीतर घरूनच बसून जे लोक कंटेंट कंपन्यांसाठी इंग्रजी ग्रामर, व्होकॅब आणि रीडिंगचे आयटम, म्हणजे टेस्टमधले प्रश्न, लिहून देतात, त्यातही ज्यांचे आयटम शेवटी चिनी बोलणाऱ्या लर्नर्सच्या पुढ्यात जाऊन पडतात, त्या सगळ्यांना हे पत्र आहे. मी सिंगापुरात राहते आणि चीनमधून इथे आलेल्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते, म्हणजे तुम्ही लिहिलेल्या टेस्ट मी दुसऱ्या टोकाला बघते. कंपनीचं नाव घेत नाही कारण हा एका कंपनीचा प्रश्नच नाहीये, सगळीकडे तेच चाललंय.

तेच म्हणजे काय, तर एक आयटम बँक, म्हणजे प्रश्नांचा साठा, असते आणि ती सगळ्यांना. ब्राझीलवाल्याला तीच, सौदीवाल्याला तीच, आपल्या लातूरच्या पोराला तीच, आणि वुहानहून आलेल्या इंजिनिअरलाही तीच. वर लेबल तेवढं बदलायचं, चायनीज स्पीकर्ससाठी खास. आत खास काय, तर रामच्या जागी ली आणि समोशाच्या जागी डंपलिंग. मग काय होतं, माझ्याकडे येणारा माणूस या टेस्टमध्ये शंभरात ऐंशी-पंच्याऐंशी घेऊन येतो, रिपोर्टवर हिरवी पट्टी, लेव्हल बी टू (म्हणजे मधल्याच्या वरची), आणि ऑफिसात तीन ओळींचा मेल लिहायचा तर अर्धा तास घामाघूम. टेस्ट खोटी नाहीये, त्याने उत्तरं खरंच बरोबर दिलीत. फक्त जिथे त्याचं अडतं तिथे टेस्ट फिरकलीच नाही.

आधी हे लक्षात घ्या की तुमच्यासमोर जो बसलाय तो परीक्षा देण्यात आपल्या सगळ्यांचा बाप आहे. गाओकाओ, म्हणजे त्यांची बारावीनंतरची राष्ट्रीय प्रवेश परीक्षा, १९७७ ला परत सुरू झाली. २०२४ मध्ये १ कोटी ३४ लाखांवर मुलांनी तिची नोंदणी केली होती. दीडशे मार्कांचं इंग्रजी. नवीन पॅटर्नमध्ये तीस मार्क लिसनिंग, पन्नास रीडिंग, पंधरा क्लोझ (उताऱ्यातल्या रिकाम्या जागा ऑप्शनमधून भरायच्या), पंधरा ग्रामरच्या रिकाम्या जागा आणि चाळीस रायटिंग. त्यानंतर कॉलेजात सीईटी फोर आणि सीईटी सिक्स (आपली सीईटी नव्हे हो, ही कॉलेज इंग्लिश टेस्ट, बँड फोर १९८७ पासून चालू आहे, ७१० पैकी मार्क देतात आणि ४२५ आले की पोरगं सुटलो म्हणतं). म्हणजे हा माणूस तुमच्या ॲपवर येईस्तोवर त्याने हजारो एमसीक्यू, म्हणजे ऑप्शनमधून एक निवडायचे प्रश्न, फोडलेले असतात. त्यांच्याकडे गमतीचा एक नियम पोरापोरांत पाठ असतो, तीन ऑप्शन लांब आणि एक आखूड असेल तर आखूड निवडा, तीन आखूड एक लांब असेल तर लांब निवडा. हसू नका, तुमच्याच मागच्या सेटला हा नियम लावून बघा, किती बरोबर येतात ते. बरोबर उत्तरात आपण सगळी काळजी घेऊन नीट लांबलचक लिहितो आणि डिस्ट्रॅक्टर, म्हणजे चुकीचे ऑप्शन, संध्याकाळी सातला घरी जायच्या घाईत उरकतो, मला माहितीये, मीही हे काम केलंय.

आता ग्रामरकडे येते, कारण सगळ्यात जास्त वाया जाणारे आयटम तिथेच आहेत.

हा नेहमीचा आयटम घ्या, शी डॅश टू द मार्केट यस्टरडे, ऑप्शन गो, गोज, वेंट, गॉन. यात चिनी लर्नर चुकतच नाही. यस्टरडे दिसलं की वेंट, हे त्याच्या हातात बसलंय, शाळेत त्याला सिग्नलचे शब्द पाठ करून घेतलेत. यस्टरडे, लास्ट इयर, अगो म्हणजे पास्ट, एव्हरी डे म्हणजे प्रेझेंट, सिन्स आणि फॉर म्हणजे हॅव. तुम्ही टेन्स तपासत नाही आहात, तुम्ही त्याला यस्टरडे वाचता येतं का ते तपासताय. त्याची खरी अडचण वेगळी आहे. चिनीत क्रियापद बदलतच नाही, काल जाणे, उद्या जाणे, रोज जाणे, रूप एकच. एकदा सुरुवातीला सांगितलं ना की गेल्या उन्हाळ्याची गोष्ट आहे, झालं, पुढे प्रत्येक वाक्यात परत परत भूतकाळ कशाला वागवायचा? म्हणून तो लिहितो तेव्हा पहिलं वाक्य पास्टमध्ये फर्स्टक्लास आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्यापासून गाडी हळूच प्रेझेंटमध्ये घसरते.

मग आयटम असा करा ना. छोटा पॅरेग्राफ द्या, लास्ट समर माय ग्रॅन्डमदर केम टू स्टे विथ अस, मग एक वाक्य घराबद्दल, एक स्वयंपाकाबद्दल, आणि मग एव्हरी मॉर्निंग शी डॅश टू द मार्केट, कंसात वॉक. ऑप्शन देऊ नका, लिहू द्या त्याला. एव्हरी मॉर्निंग बघून पाठांतरवाला वॉक्स लिहितो. गोष्ट गेल्या उन्हाळ्याची आहे हे ज्याच्या डोक्यात अजून आहे तोच वॉक्ड लिहितो. माझ्या क्लासमध्ये वेंटवाल्या आयटमला सगळे पास झाले होते आणि याला निम्मा क्लास आडवा झाला, नंतर अर्धा तास त्याच्यावर नुसती चर्चा चालली, एक काका तर चिडले की एव्हरी मॉर्निंग लिहून फसवता कशाला. फसवलं कुठे, गोष्ट वाचायची होती.

तसंच ही-शीचं. चिनीत बोलताना तो, ती, ते सगळ्याला एकच उच्चार, ता. लिहिताना अक्षरं वेगळी आहेत पण कानाला फरक नाही. त्यामुळे बोलताना पटकन माय मदर ही इज अ डॉक्टर निघून जातं, चांगल्या चांगल्यांचं. कागदावरच्या एमसीक्यूत हे कधीच सापडणार नाही, कारण वेळ असतो आणि ऑप्शन समोर असतात. आपल्याला हे सुचत नाही कारण आपण तो-ती-ते करत मोठे झालो. उलट आर्टिकलचं दुखणं आपलं आणि त्यांचं एकच, मराठीत अ, ॲन, द नाही आणि चिनीतही नाही. आपले आजोबा आय वेंट टू मार्केट म्हणायचे आणि माझे विद्यार्थीही तेच म्हणतात. म्हणजे निदान आर्टिकलच्या आयटममध्ये तरी तुम्ही गोऱ्या आयटम रायटरपेक्षा वरचढ असायला हवं, तुम्हाला माहितीये की व्हॉवेलआधी ॲन लावायचं ते अवघड नाहीच, अवघड हे आहे की पहिल्यांदा अ मॅन म्हणलेला माणूस दुसऱ्या वाक्यात द मॅन होतो आणि लाइफ इज हार्डमध्ये काहीच लागत नाही. तरी तुमच्या सेटमध्ये ॲन अंब्रेला, ॲन अवर, अ युनिव्हर्सिटी यांचीच भरती.

ऑल्दो-बटचंही तसंच. चिनीत सुइरान (जरी) म्हणलं की पुढे दानशी (पण) येतं, यिनवेई (कारण) म्हणलं की सुओयी (म्हणून) येतं, जोडीने. आपल्यात नाही का, जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो, उशीर झाला म्हणून रिक्षा केली. जरी आलं की तरीशिवाय आपल्याला चैन पडत नाही, तसंच त्यांचं. म्हणून ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट आउट. आता यात एक बारीक गोष्ट आहे जी बाहेरच्याला कळत नाही. हा नियम चिनी शाळांत इतका घोटवलाय की एमसीक्यू टाकलात तर सगळे बट टाळून बरोबर उत्तर देतात. आणि त्याच संध्याकाळी निबंधात ऑल्दो-बट. म्हणजे नियम माहितीये, हात ऐकत नाही. हे पकडायचं तर दोन सुटी वाक्यं द्या, इट वॉज रेनिंग, वी वेंट आउट, आणि ऑल्दो वापरून जोडा म्हणा. तपासायला मशीनला थोडा त्रास होईल, होऊ दे.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तो. चूक मोजून माणूस कळत नाही, कारण शहाणा माणूस जे येत नाही ते टाळतो.

१९७४ ला जॅकलिन शॅख्टर नावाच्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी एक साधं काम केलं. वेगवेगळ्या भाषांच्या विद्यार्थ्यांचे प्रत्येकी पन्नास इंग्रजी निबंध घेतले आणि त्यात हू, विच, दॅट लावून केलेली वाक्यं, म्हणजे रिलेटिव्ह क्लॉज, मोजली. फारसी बोलणाऱ्यांनी अशी १७४ वाक्यं लिहिली होती, त्यातली ४३ चुकलेली. चिनी बोलणाऱ्यांनी फक्त ७६, आणि चुका किती तर ९. नुसत्या चुका बघितल्या तर तुम्ही म्हणाल वा, चिनी पोरांना रिलेटिव्ह क्लॉज मस्त येतो. पण त्यांनी तो वापरलाच निम्म्याहून कमी. अवघड जातो म्हणून बगल दिली, दोन छोटी वाक्यं लिहून मोकळे झाले, आणि जिथे शंभर टक्के खात्री तिथेच वापरला. कारणही सरळ आहे, चिनीत वर्णन सगळं नामाच्या आधी येतं, काल आलेला माणूस असं, मध्ये द हा एक चिनी जोडशब्द चिकटवून (इंग्रजीतला द नव्हे). इंग्रजीत माणूस आधी आणि त्याची शेपटी मागून. आपल्याला आलेला माणूसही येतं आणि जो माणूस आला तोही येतं, म्हणून आपलं थोडं निभावतं.

पन्नास वर्षं झाली या गोष्टीला आणि आपले रिपोर्ट अजूनही काय सांगतात, रिलेटिव्ह क्लॉज, ९० टक्के, एक्सलंट. अरे त्याने वापरलाय कुठे? चार ऑप्शनमधून हूज ओळखणं वेगळं आणि स्वतःच्या वाक्यात हूज आणणं वेगळं. माझ्याकडे एक बाई यायच्या, हिशेबाचं काम करायच्या, हुशार, लेखी टेस्टमध्ये कायम वरच्या नंबरात. त्यांचे ऑफिसचे मेल मी बघितले, प्रत्येक वाक्य पाच-सहा शब्दांचं. वी हॅव अ क्लायंट. द क्लायंट इज इन जोहोर. द इनव्हॉइस इज लेट. एक चूक दाखवा यात. ग्रामर चेकरला काही सापडलं नाही, तुमच्या टेस्टला काही सापडलं नाही, आणि त्यांच्या साहेबाला वाटायचं की बाईंना राग आलाय. मग मी त्यांना तीच तीन वाक्यं एका वाक्यात करा म्हणलं, पेन खाली ठेवून दहा मिनिटं बसल्या. ती दहा मिनिटं कुठल्याही रिपोर्टमध्ये येत नाहीत.

तेव्हा प्रत्येक ग्रामर सेटमध्ये चार-पाच आयटम तरी असे ठेवा जिथून पळता येणार नाही. ही दोन वाक्यं हूज वापरून जोडा. हे वाक्य इफ आय हॅड ने सुरू करून परत लिहा. आणि रिपोर्टमध्ये बरोबर-चूक याच्याबरोबर तिसरी गोष्ट दाखवा, कोरं सोडलं किंवा दुसरीकडून वळसा घातला. आधी बरोबर आणि चूक असे दोन रकाने असायचे, आता तीन झाले, एवढंच.

व्होकॅबबद्दल एक गोष्ट तुम्हा मराठी लोकांना खास सांगायची आहे. कुठला शब्द सोपा आणि कुठला अवघड हे तुम्ही कानाने ठरवता, आणि तुमचा कान बिघडलेला आहे. स्टेशन, तिकीट, प्लॅटफॉर्म, ऑपरेशन, टेन्शन, ॲडमिशन, डिपॉझिट हे आपल्या आजीला पण येतात. शेकडो इंग्रजी शब्द आपल्याला घरबसल्या फुकट मिळालेत. चिनी माणसाला असं फुकटात जवळपास काही मिळत नाही, कारण त्यांनी बाहेरचे शब्द सहसा घेतलेच नाहीत, स्वतःचे केले. कॉम्प्युटर म्हणजे त्यांच्याकडे विजेचा मेंदू, ट्रेन म्हणजे आगगाडीच, सिनेमा म्हणजे विजेच्या सावल्या. म्हणून ए वन, म्हणजे अगदी नवशिक्यांच्या, लेव्हलच्या रीडिंगमध्ये तुम्ही बिनधास्त रिझर्व्हेशन, कंपार्टमेंट, सस्पेन्स टाकता, आणि रिव्ह्यू करणाराही मराठी किंवा हिंदी असल्याने त्यालाही काही खटकत नाही. आणि स्पॅनिशवाल्यांसाठी बनवलेली लेव्हलची यादी तर अजिबात उचलू नका, त्यांना इन्फॉर्मेशन, इम्पॉसिबल, नॅशनल हे सगळं आईच्या भाषेतून आलंय.

दुसऱ्या बाजूने, जे शब्द आपल्याला भारी वाटतात ते त्यांना येतात. अबॅन्डन बघा. चिनी शब्दपाठांतराची पुस्तकं ए पासून सुरू होतात आणि कित्येकांत पहिलाच शब्द अबॅन्डन, त्यामुळे तिकडे जोकच आहे की पहिल्या पानावर अबॅन्डन पाठ केला आणि तिथेच अबॅन्डन केलं. त्यामुळे अबॅन्डनचा सिनोनिम ओळखा हा आयटम म्हणजे फुकट मार्क. त्यापेक्षा हे विचारा की पाऊस बिग असतो का हेवी. चिनीत मोठाच पाऊस असतो, मराठीतही मोठा पाऊस पडतो, म्हणून बिग रेन. नॉलेज लर्न करतात का गेन करतात. औषध ईट करतात का टेक. लाइट ओपन होतो का ऑन. हे एकेक डिस्ट्रॅक्टर सोन्यासारखे आहेत कारण ते चिनीतून सरळ उतरून येतात आणि ज्याचं डोकं अजून चिनीतून भाषांतर करतंय तो नेमका तिथेच बोट ठेवतो. डिस्ट्रॅक्टर निवडलाच जात नसेल तर तो मेलेला आहे, हे आपल्याला ट्रेनिंगमध्ये पहिल्याच आठवड्यात सांगतात, पण डेटा आल्यावर मेलेले उचलून बाहेर कोण काढतं?

आणि नवशिक्यांच्या व्होकॅब टेस्टमध्ये ऑप्शन सरळ चिनीत द्या, लाजू नका. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांची व्होकॅब साइज टेस्ट आहे, १४० आयटम, हजार-हजार शब्दांचे चौदा टप्पे, प्रत्येक टप्प्याचे दहा. तिची मँडरिन (म्हणजे प्रमाण चिनी) ऑप्शनवाली आवृत्तीसुद्धा आहे. कारण शब्द येत असूनही इंग्रजीतली व्याख्या कळली नाही म्हणून माणूस चुकतो, आणि मग आपण मोजतोय काय तेच कळत नाही. क्लायंट म्हणेल की इंग्रजीच्या टेस्टमध्ये चिनी कशाला, तर त्याला हे दाखवा.

रीडिंगवर फार लिहीत नाही कारण तिथलं दुखणं एकच आहे. चिनी लर्नर तुमचा पॅसेज वाचत नाही, प्रश्न आधी वाचतो. प्रश्नातला आकडा, नाव, मोठ्या अक्षरातला शब्द पकडतो, पॅसेजमध्ये तो शोधतो आणि आजूबाजूची दोन वाक्यं बघून टिक करतो. सीईटीत पॅरेग्राफ जुळवायचा प्रकारच आहे, दहा वाक्यं आणि ती कुठल्या पॅरेग्राफमधली ते सांगा, तिथे हे कौशल्य सोन्याचं असतं. दोष त्याचा नाही, वेळ कमी असतो आणि ही युक्ती चालते म्हणून तो ती वापरतो. चालू देऊ नका. प्रश्नाचं उत्तर दोन लांबच्या वाक्यांना जोडल्याशिवाय मिळणार नाही असं करा. दे, इट, दिस म्हणजे पॅसेजमधलं नेमकं कोण ते विचारा. एक लांब वाक्य द्या, द डॉग दॅट चेज्ड द कॅट दॅट एट द फिश रॅन अवे, आणि विचारा पळालं कोण. शेवटी फिश आणि रॅन शेजारी शेजारी दिसतात म्हणून मासा पळाला म्हणणारे मी बघितलेत, आणि हे लोक सीईटी सिक्स पास होते.

आणि सेट पाठवायच्या आधी पॅसेज झाकून नुसते प्रश्न घरातल्या कुणाला तरी द्या. पॅसेज न वाचता जर निम्मे बरोबर आले तर सेट परत लिहा. आयपीएल आणि विकेटचे पॅसेज तर आधी काढा बरं, थँक्सगिव्हिंगचे पण. शांघायच्या माणसाला विकेट म्हणजे काय हे न कळण्यात त्याच्या इंग्रजीचा काही संबंध नाही.

आता मला माहितीये तुम्ही काय म्हणाल. ताई, एका आयटमचे मिळतात किती, ब्रीफमध्ये, म्हणजे कंपनीच्या कामाच्या सूचनेत, चायनीज लर्नर एवढे दोनच शब्द असतात, डेडलाइन परवाची असते. खरंय. २०२१ च्या जुलैमध्ये चीन सरकारने शाळकरी मुलांच्या खासगी क्लासवर टाच आणली, देशाबाहेर बसलेल्या परदेशी शिक्षकांनी त्या मुलांना शिकवण्यावरही बंदी घातली, तेव्हापासून शिकवण्यापेक्षा टेस्ट आणि ॲपचंच काम जास्त दिसतंय, आणि त्या कामात घाईच घाई. म्हणून मी ब्रीफ लिहिणाऱ्यांनाही सांगते, हे पत्र तुम्हालाही आहे. आयटम रायटरला दोन पानांची एक नोट द्या, चिनी बोलणारा कुठे अडखळतो त्याची. टेन्स पुढे न ओढणं, शब्दाच्या शेवटचा एस गाळणं, आर्टिकल, जोडीने येणारे जरी-तरी, मागून येणारा हू-विच, आणि बिग रेनसारख्या जोड्या. एवढं जरी दिलंत तरी अर्धं काम झालं. त्यात तीस टक्के आयटम लिहायला लावणारे ठेवायची परवानगी द्या आणि ते तपासायला माणसाचे पैसे द्या.

ती दोन पानं माझ्याकडे तयार आहेत, मराठीत आहेत, ज्यांना हवीत त्यांनी मागावीत. त्यात प्रत्येक अडचणीखाली एक चांगला आणि एक फुकट गेलेला आयटम आहे. फुकट गेलेले सगळे खरे आहेत, कुणाचे ते लिहिलेलं नाही, आपापले ओळखालच.

तुमची,
सिंगापुरातली एक ट्यूशनवाली